बरं आहे ना?

आजाऱ्याच्या खाटेशी येऊन टेकणारा माणूस आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतो तो हा : ‘काय, आता बरं आहे ना?’ या वाक्यातला ‘ना’ दिसायला एवढासा आहे, पण सगळा कारभार त्याच्याच हाती आहे. प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर आपल्या घरूनच आणलेले असते. आजाऱ्याने फक्त पोच द्यायची. कराडहून एसटीच्या दोन गाड्या बदलून, पिशवीत सहा मोसंबी घेऊन आलेल्या माणसाला ‘नाही, बरं नाही’ असे सांगणे म्हणजे त्याची मोसंबी परत करण्यासारखे आहे. आजारी माणूस सातारकडचा असेल आणि त्यातून जुना शिक्षक असेल, तर त्याच्या हातून हा उद्धटपणा होत नाही. तो म्हणतो, ‘आहे बरं.’ मग पाहुणा पावसापाण्याकडे वळतो.

फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचायच्या अंकात आतड्याच्या शस्त्रक्रियेचा विषय काढणे शिष्टाचाराला धरून नाही, हे मला कळते. पण हे सारे घडले तेच मुळी दिवाळीच्या तोंडावर, आणि तेव्हापासून दर दिवाळीला मला त्याची आठवण होते. शिवाय त्यातून माझ्यापुढे जो प्रश्न उभा राहिला, तो केवळ वैद्यकाचा नाही. जे दिसू नये असे आपल्याला मनापासून वाटते, ते पाहण्याचे कर्तव्य माणसावर असते काय? असले, तर ते पार पाडणे इतके अवघड का जावे?

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे मामा कोरेगाव तालुक्यातल्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन साताऱ्यात राहत होते. त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. साताऱ्यात रुग्णालये नाहीत असे नव्हे. पण आमच्या घरात आजोबांच्या वेळेपासून पोटाचे दुखणे म्हटले की ‘मिरजेला न्या’ हे ठरलेले. त्यालाही इतिहास आहे. विल्यम वॉनलेस नावाचा कॅनडात जन्मलेला मिशनरी सर्जन १८८९ साली सांगलीत येऊन उतरला आणि १८९४ साली त्याने मिरजेत रुग्णालय उभारले. तेव्हापासून कृष्णाकाठच्या माणसांची पावले त्या गावाकडे वळत आली आहेत. आता तिथे रुग्णालयांची दाटी आहे. त्यांपैकी एकात आम्ही मामांना नेले; कोणत्या, ते सांगण्याची गरज नाही.

शस्त्रक्रिया ऐकायला सोपी होती. गाठीसकट आतड्याचा तुकडा काढून टाकायचा आणि उरलेली दोन टोके एकमेकांना जोडायची. शिंप्याला आपली शिवण जमली की नाही हे कापड हातात असतानाच कळते. सर्जनला ते कळत नाही. टाके दोन टोकांना नुसते जवळ धरून ठेवतात. सांधण्याचे काम शरीरालाच करावे लागते, आणि ते त्याने केले की नाही याचा बोध पुढच्या काही दिवसांत होतो, बहुधा पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास. तोवर सर्जनने वाट पाहायची. मला वाटते, या धंद्यातली अवघड गोष्ट कापणे नसून ही वाट पाहणे हीच असावी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामांना रक्त द्यायचे ठरले. रात्रपाळीची परिचारिका जत तालुक्यातली एक सडपातळ मुलगी होती. ती रक्ताची पिशवी घेऊन आली आणि मामांना म्हणाली, “आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा.”

मामी खाटेशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, कालपासून तूच गोळ्या देतीयस ना यांना? नाव काय विचारतीस?”

ती नुसती हसली आणि थांबून राहिली. मामांनी नाव, वडिलांचे नाव, आडनाव, वय असे हजेरी दिल्यासारखे सांगितले. तिने ते मनगटावरच्या पट्टीशी ताडले, पट्टी कागदाशी, कागद पिशवीशी. मग दुसऱ्या परिचारिकेला बोलावून तिच्याकडून तेच पुन्हा करवून घेतले. मामांचे आडनाव सातारा-सांगलीकडे गल्लोगल्ली आढळणारे आहे. त्या एका वॉर्डात त्या आडनावाचे तिघे होते.

मला तेव्हा हा सोपस्कार वाटला. पुढे वाचले तेव्हा उमगले की त्यात केवढा अनुभव साठलेला आहे. माणसांच्या रक्ताचे गट असतात आणि ते जुळले नाहीत तर रक्तच विष होते, हे कार्ल लँडस्टायनरने १९०१ साली दाखवून दिले. त्याबद्दल त्याला १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण रक्ताचे शास्त्र पुरेसे पक्के झाल्यावरही चुकीचे रक्त माणसाच्या अंगात जायचे थांबले नाही. जाते ते बहुतेक वेळा रसायन चुकले म्हणून नव्हे, तर चिठ्ठी चुकली म्हणून : नळीवर दुसऱ्याचेच नाव, पिशवी शेजारच्या खाटेला. आणि ‘तुम्ही अमुकच ना?’ असे विचारले, तर गुंगीतला, कमी ऐकू येणारा, भिडस्त माणूस ‘हो’ म्हणतो. म्हणून नाव सांगायचे नाही, विचारायचे. त्या मुलीने आपल्या प्रश्नातला ‘ना’ काढून टाकला होता.

इथे एक आडवळण घेतो. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांना अशा काही व्यक्ती आढळल्या, की ज्यांचे रक्त नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ गटाचे वाटावे, पण ‘ओ’ गटाचे रक्त त्यांना चालू नये. ‘ओ’ म्हणजे कोणालाही चालणारे, अशी तोवरची समजूत. या लोकांच्या तांबड्या पेशींवर सर्वांना सामाईक असणारा मूळ पदार्थच नव्हता. त्यामुळे त्यांचे शरीर ‘ओ’ रक्तालाही परके मानून त्यावर तुटून पडे. हाच तो ‘बॉम्बे’ रक्तगट. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा. या गटाच्या माणसाला याच गटाचे रक्त लागते. मला यात आवडते ते असे, की नावाची चिठ्ठी बरोबर होती, गटाची चिठ्ठीही रूढ पद्धतीने बरोबर होती, आणि तरी कोणीतरी रुग्णाचे रक्त दात्याच्या रक्तात मिसळून पाहिले आणि ‘इथे गुठळ्या होताहेत’ या साध्या दिसण्याला पुस्तकापेक्षा मोठे मानले.

पिशवी सुरू झाली. मुलगी खाटेशी उभी राहिली ती हललीच नाही. रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटे जोखमीची असतात असे तिने सांगितले. गट चुकला असेल तर थोडक्या रक्तानेही घात होतो : तांबड्या पेशी फुटतात, रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, लघवी तांबडी-काळी येते. सुरुवातीची लक्षणे मात्र फसवी असतात. थंडी वाजते, ताप चढतो, कंबर दुखते, सुई टोचलेल्या हातात आग होते, धाप लागते. आणि आणखी एक लक्षण वैद्यकाच्या पुस्तकांतून दिलेले असते, ते वाचून मी चकित झालो : काहीतरी भयंकर होणार आहे असे रुग्णाला वाटू लागते. एरवी ‘मनाचे खेळ’ म्हणून हसण्यावारी नेली जाणारी गोष्ट तिथे तापाच्या शेजारी, मानाने बसवलेली आहे. गुंगीत असलेल्या रुग्णाला हे सांगताच येत नाही. मग जखमेतून न थांबणारे रक्त किंवा लघवीचा रंग हीच काय ती त्याची वाचा.

दहाव्या-बाराव्या मिनिटाला मामा म्हणाले, “मला काहीतरी होतंय.”

मामी म्हणाल्या, “अहो, काही नाही. रक्त बघितलं की तुम्हाला असंच होतं.” मीही तेच म्हणालो. शपथेवर सांगतो, आम्हा दोघांच्या मनात मायेशिवाय काही नव्हते.

मुलगी म्हणाली, “काय होतंय आजोबा?”

“हुडहुडी भरलीय. आणि कंबरेत कसंसंच.”

तिने रक्ताचा खटका बंद केला. नळी काढली, नव्या नळीने सलाईन लावून शीर उघडी ठेवली, नाडी, ताप आणि रक्तदाब पाहिला, नाव पुन्हा विचारले, डॉक्टरांना बोलावले. उरलेली पिशवी आणि मामांच्या रक्ताचा नवा नमुना रक्तपेढीकडे गेला, लघवी तपासायला गेली. काही वेळाने उत्तर आले : पिशवी बरोबर होती. गट बरोबर होता. दात्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशींमुळे काही जणांना नुसताच ताप येतो, तेवढाच तो प्रकार. जवळजवळ भरलेली पिशवी वाया गेली.

माझा मामेभाऊ त्या बदल्यात सकाळीच रक्त देऊन आला होता. तो चिडला. “साध्या तापासाठी पिशवी फेकून दिली!” ही रुखरुख अगदीच चुकीची होती असे मी म्हणणार नाही. कुणा अनोळखी माणसाने आपल्या दंडातून काढून दिलेली वस्तू ती. तिची नासाडी ही लहान गोष्ट नव्हे.

पण मी त्या मुलीच्या बाजूने विचार करू लागलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. साधा ताप आणि प्राणघातक विरोध ही दोन्ही सुरुवातीला एकाच वेषात येतात. वाट पाहून त्यांना ओळखता येते, पण वाट पाहण्याची किंमत रुग्ण देतो. त्या क्षणी ‘हे काय आहे?’ हा प्रश्न सोडवायचाच नसतो. ‘आधी बंद करू’ एवढेच करायचे असते. यात बहुतेक वेळा ती ‘चुकणार’ आहे, बहुतेक वेळा पिशवी निर्दोष निघणार आहे, आणि बहुतेक वेळा कोणी तिचे आभार मानणार नाही. दहा वेळा खोटे पडण्याची तयारी असलेल्या माणसालाच अकरावी वेळ सापडते. आपल्याकडे याला ‘घाबरट’ म्हणतात. मी त्याला धैर्य म्हणेन. मात्र हे धैर्य दिसायला फार सामान्य असते.

पाचव्या दिवसाची हकीगत वेगळी आहे. ती सांगताना अजून जीभ अडखळते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मामा उठून बसले होते. पाणी, मग पातळ पेज. सर्जन रोज सकाळी येत. हातगुणाचा माणूस, बोलायला मोकळा. “काय गुरुजी, बरं आहे ना?” ते विचारत, आणि मामा म्हणत, “हो हो, बरं आहे.” गुरुजी या हाकेला ते अधिकच ताठ बसत.

पाचव्या दिवशी पोट फुगले. सर्जनने पोट चाचपले आणि म्हणाले, “गॅस आहे. आतडं अजून झोपेत आहे, होईल सुरू.” असेही होते, आणि पुष्कळदा होते, शस्त्रक्रियेनंतर आतडी काही दिवस संप करतात. ताप नव्हता म्हटले तरी चालेल, साडेनव्याण्णव. दुखणे सोसवण्याजोगे. पण मामा सकाळपासून अस्वस्थ होते. कुशीवर वळत, पुन्हा उताणे होत, चादर ओढत, फेकत. मी विचारले, तर म्हणाले, “काही नाही रे, झोप नाही झाली.”

त्या दुपारी मी बाहेर पडलो. मिरजेत तंतुवाद्ये करणाऱ्यांची जुनी गल्ली आहे, तिथे जाऊन एका दुकानाच्या पायरीवर बसलो. एक म्हातारे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होते. तार छेडायची, घोडी किंचित घासायची, पुन्हा छेडायची. मला तर पहिल्यापासूनच ती गोड वाटत होती. मी तसे म्हटलेही. ते वर न पाहता म्हणाले, “छान आहे म्हणून ऐकलं की छानच ऐकू येतं.” आणि पुन्हा घासू लागले. मी उठलो आणि भराभर रुग्णालयाकडे आलो. का ते तेव्हा मला नीट सांगता आले नसते.

रात्री ती जतची मुलगी कामावर आली. तिने तक्ता हातात घेतला आणि नाडीचे चार आकडे बोटाने दाखवले : ८४, ९२, १००, ११२. दोन दिवसांतले आकडे. प्रत्येक आकडा आपल्यापुरता बरा होता; चारही ओळीने वाचले की जिना दिसत होता. श्वासही वाढला होता. सांधा सुटून आतड्यातली घाण पोटात झिरपू लागली, तर पुष्कळदा ताप येण्याआधी नाडी बोलते, असे तिला कोणीतरी शिकवले होते. तिने सर्जनना दूरध्वनी केला. पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही, पण तिचा चेहरा पडला. तासाभराने तिने पुन्हा केला. दुसऱ्यांदा करणे किती कठीण गेले असेल! मध्यरात्रीच्या सुमारास सर्जन आले, खाटेशी उभे राहिले, आणि या वेळी त्यांनी ‘बरं आहे ना’ असे विचारले नाही. “गुरुजी, काय होतंय?” म्हणाले. मामांनी प्रथमच सांगितले की सकाळपासून पोटात कोणी सुरी फिरवतो आहे.

पहाटे पोट पुन्हा उघडले. सांधा एका बाजूला सुटला होता. आतून धुऊन काढले, आतड्याचे टोक पोटावर आणून पिशवी बसवली. पुढचे दहा दिवस कसे गेले ते लिहीत नाही. दिवाळी आमच्या घरी त्या वर्षी झाली नाही.

मामा सावरल्यावर मामेभावाने भांडण काढायचे ठरवले. तक्रार, वर्तमानपत्र, चार माणसे घेऊन जाणे. हे चार माणसे घेऊन जाणे हल्ली फार झाले आहे. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्राला २०१० साली कायदा करावा लागला. मामांनी त्याला खाटेशी बसवून इतिहासाचा तास घेतला.

१९२४ च्या जानेवारीत गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. पोट दुखू लागले, अपेंडिक्सचे निदान झाले, पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवले. मुंबईचे ओळखीचे डॉक्टर वेळेत पोचण्यासारखे नव्हते. कैदी सरकारचा आणि सर्जन कर्नल मॅडॉक हेही सरकारचे. काही बरेवाईट झाले असते तर देशाने काय म्हटले असते ते सांगायला नको. १२ तारखेच्या रात्री श्रीनिवास शास्त्रींच्या समक्ष गांधीजींनी एका निवेदनावर सही केली, की मॅडॉकवर माझा विश्वास आहे, त्यांनीच शस्त्रक्रिया करावी. शस्त्रक्रिया चालू असताना विजेचा दिवा गेला, आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात झाले. पुढे जखमेत पू धरला, प्रकृती सुधारायला वेळ लागला. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना सोडून दिले आणि ते विश्रांतीसाठी जुहूला जाऊन राहिले.

“आता सांग,” मामा म्हणाले, “पू झाला तो मॅडॉकनं लपवला असता का? त्याला लपवायचं कारणच गांधींनी ठेवलं नव्हतं.”

हा युक्तिवाद मला पूर्ण पटलेला नाही. गांधीजींचा विश्वास ही त्यांची देणगी होती. ती कोणाकडून वसूल करता येत नाही. आज शस्त्रक्रियेआधी आपण ज्या कागदावर सही करतो, त्यात विश्वास नसतो, दोन्हीकडची भीती असते. आणि ज्याच्याजवळ ना पैसा ना ओळख, त्या गरीब रुग्णाला ‘विश्वास ठेव आणि गप्प बस’ असे सांगणे तर निव्वळ अन्याय. पण मामांच्या बोलण्यात एक खरे होते. गुंतागुंत ओळखायची म्हणजे आधी ‘माझ्या हातून काही राहिले असेल’ हे मनाशी कबूल करायचे. म्हणजे जो ओळखायला सर्वांत लायक, त्यालाच ती न दिसण्यात सर्वांत अधिक स्वारस्य. त्या रात्री मुलीला जिना दिसला तो तिची नजर सर्जनपेक्षा तीक्ष्ण होती म्हणून नव्हे. तो सांधा तिने घातला नव्हता.

मग मीच सर्जनकडे गेलो. रागाने गेलो होतो, हे लपवत नाही. त्यांनी दार लावून घेतले, खुर्ची दिली, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, “आकडे मी सकाळीच पाहिले होते. पाहिले होते, वाचले नाहीत. वाचले असते तर पंधरा-सोळा तास आधी उघडलं असतं.” थोडे थांबून म्हणाले, “सांधा सुटणं माझ्या हातात नाही. हे होतं.” त्यांनी ‘हे’ म्हणताना तक्त्यावर बोट ठेवले. मी आणलेले सगळे शब्द तसेच परत घेऊन आलो. मामेभावाचे समाधान झाले नाही. पुष्कळ दिवस तो मला म्हणत असे की मी विकला गेलो. त्याच्याशी वाद घालायला माझ्याजवळ फारसे काही नसे. माझ्या डोळ्यांपुढे एकच येई : मामा ‘मला काहीतरी होतंय’ म्हणाले, तेव्हा ‘काही नाही’ म्हणणाऱ्यांत मी होतो. माझे तिथे काय पणाला लागले होते? ना नाव, ना धंदा. फक्त त्यांना बरे वाटावे, एवढी घाई.

काही महिन्यांनी पोटावरची पिशवी निघाली, आतडे पुन्हा जोडले गेले, आणि तो सांधा धरला. मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतात.

गेल्या दिवाळीत साताऱ्याला गेलो. पायांवर डोके ठेवले आणि सवयीने तोंडातून गेलेच, “मामा, बरं आहे ना?”

त्यांनी चष्मा काढला. “काय होतंय ते सांगू, की बरं आहे म्हणू?”

“काय होतंय ते सांगा.”

मग त्यांनी सांगितले. उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना नाही. पहाटे तीनला जाग येते. डाव्या कानात पाण्याच्या नळासारखा आवाज असतो. पोटाच्या व्रणाच्या वरच्या टोकाशी थंडीत ओढ लागते. सारे तारीखवार. मी घड्याळाकडे पाहिले नाही. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, “आणि चकली यंदा कडक झालीय. दाताला लागत नाही.”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मामींनी विचारले, “अहो, चकली बरी झालीय ना?”

“झालीय, झालीय,” मामा म्हणाले.